भंडाऱ्यात उठलेला आकडा

खंडू, तुझे दोन टायर अजून माझ्याकडेच आहेत. सहाशे सोळा, आठ प्लाय. कागदाची पट्टी गुंडाळलेली तशीच आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीला, पाण्याच्या रांजणाशेजारी ते उभे आहेत. दोन महिन्यांत कितीतरी गिऱ्हाइकांनी त्यांच्यावर हात ठेवला. "विकायचे नाहीत" एवढंच मी म्हणत आलो. कुणाचे आहेत ते कुणाला सांगितलं नाही. तुला तर नाहीच.

तू मला मुके शेठ म्हणायचास. भर बाजारात, शिरूरच्या स्टँडवर, चार लोकांत. "आमचं मुकं शेठ तोंडानं न्हाई, हवेच्या पंपानं बोलतं." लोक हसायचे, मीही हसायचो. आता तू गेल्यावर मला बोलायचं आहे. तू असतास तर म्हणाला असतास, वरातीमागून घोडं. म्हण. मी लिहितोच.

त्या सकाळी मी एका ट्यूबला ठिगळ लावत होतो. दौंडकडून आलेली एसटी दुकानासमोर थांबली. तिथं थांबा नाही, म्हणून मी वर पाहिलं. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली होती.

"रघुनाथशेठ, न्हावऱ्याची दुधाची गाडी उलटली. पुलाच्या अलीकडं. रस्ता समदा पांढरा झालाय."

मी म्हणालो, "बरं."

खंडू, मी "बरं" म्हणालो. आणि ठिगळ पुरं केलं. कडा घासल्या. ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का पाहिलं. नाही आले. मग हात पुसले आणि उठलो. उलट्या बाजूच्या एसटीत बसल्यावर शेजारच्या बाईनं पाय आखडून घेतले, तेव्हा कळलं की माझ्या हातात टायर उतरवायची लोखंडी टॉमी आहे. ती मी दुकानातून तशीच धरून आणली होती. पुलापर्यंत ती हातातच राहिली.

तू तिथं नव्हतास. तुला दौंडला नेलं होतं, आणि नेताना वाटेतच सगळं संपलं होतं. तिथं दूध होतं. मातीत मुरलेलं, डांबराच्या खड्ड्यांत साचलेलं. कॅन इकडंतिकडं लोळत होते. एक म्हातारी झाकणं गोळा करत होती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. गाडी कुशीवर पडली होती. मला वाटलं, मागचा टायर फुटला असणार. मी बघितलं नाही. गाडीकडं पाठ करून मीही झाकणं वेचायला लागलो.

कशी मानू रे ही गोष्ट? आजही दुपारी हॉर्न वाजला की मी मान वर करतो. तू हॉर्न दोनदा द्यायचास, एक लांब, एक आखूड. परवा तसाच वाजला. मी बाहेर आलो. कुणी ट्रॅक्टरवाला होता.

आपली ओळख कधीची, ते तूही सांगू शकला नसतास. न्हावऱ्याला आमच्या शेतात तुझा बाप मेंढरं बसवायला यायचा. खताला खत व्हायचं आणि त्याला धान्य मिळायचं. तू माझ्याएवढाच. एकदा मी विचारलं होतं, काही मेंढरांच्या कपाळाला गेरूचा टिळा का? तू म्हणालास, "ती अशक्त हायती. लंगडी, नायतर आजारी. आबा त्यास्नी म्होरं चालवतो."

"पुढं? मागं ठेवायला पाहिजेत ना?"

"मागं ठिवली तर कवा पडली कळतं व्हय? म्होरं असली म्हंजी डोळ्यासमोर ऱ्हातात. आन् कळप त्यांच्या पायानं चालतो."

तुझ्या बापाची ही अक्कल मला तेव्हा फार थोर वाटली होती. ती पुढं आपल्या दोघांच्या आयुष्यात कुठं येऊन उभी राहील, हे कुणाला ठाऊक होतं!

दुष्काळात चारा संपला आणि तुम्ही कळप विकलात. तुझा बाप त्या दिवशी जेवला नाही आणि पुढं फार दिवस जगलाही नाही. त्याच वर्षी मी शिरूरला नगर रस्त्यावर टायरचं दुकान टाकलं होतं. गिऱ्हाईक नव्हतं. लोकांकडं गाड्या नव्हत्या आणि होत्या त्या उभ्या होत्या. तू रोज यायचास आणि बाकावर बसून राहायचास. मी एकदा म्हणालो, "खंडू, काम नाही का तुला?" तू म्हणालास, "हे कामच हाय. रिकाम्या दुकानात कोण शिरतं?" चार महिने तू माझ्या दुकानात गिऱ्हाईक होऊन बसलास. याबद्दल मी तुला कधी काही बोललो नाही. एवढंसं बोलायचं होतं, तेही राहिलं.

मग तू लष्कराच्या लिलावातली जीप घेतलीस, मागं लांब हौदा जोडून घेतलास आणि न्हावऱ्याचं दूध दौंडच्या केंद्रावर न्यायला लागलास. चाळीस लिटरचे बावीस कॅन. वजनाची समज तुला मेंढरांमुळं होती. तू टायरवर तळहात दाबून बघायचास, मेंढराच्या पाठीवर दाबावा तसा. टायरच्या बाजूवरच्या उठावाच्या अक्षरांना तू कान म्हणायचास. तुमच्यात मेंढरांच्या कानाला खूण कातरतात, कळप कुणाचा ते कळावं म्हणून. "ह्याच्या कानावर काय लिवलंय, वाच," म्हणायचास. मी वाचायचो. सहाशे सोळा हे माप. त्यापुढं प्लायचा आकडा. तू ते इंग्रजी आकडे ओळखायला शिकलास. "आठ म्हंजी एकावर एक दोन कड्या. सहा म्हंजी एकच कडी, वर शेपूट."

मी तुला सांगितलं होतं, माप बघून टायर घेणारे खूप आहेत, पण माप फक्त एवढंच सांगतं की टायर रिमवर चढेल. ओझं किती घेईल ते प्लाय सांगतं. प्लाय म्हणजे आतले धाग्याचे थर.

दोन दिवसांनी तू एक फाटका टायर खांद्यावर टाकून आलास. विळ्यानं कापून त्याचे थर सोलले होतेस, कांद्याचे सोलावेत तसे. "कानावर सहा लिवलंय. आत चारच हायती. दोन थर कुणी खाल्ले? तू?"

मी हसत सांगितलं, हा आकडा सुती धाग्याच्या काळातला. आता नायलॉन आलं. नायलॉनचे चार थर सुती सहांचं काम करतात. आकडा थर मोजत नाही, ताकद मोजतो.

तू डोक्याला हात लावलास. "म्हंजी चार गडी आन् सहाची हजेरी! अरं, दुष्काळी कामावर मुकादम ह्येच करत व्हता की!" रस्त्यापलीकडचा चहावाला इतका हसला की त्याच्या हातातली बशी पडली.

आपला मोठा वाद मात्र राहूनच गेला. कारखान्याच्या वजनकाट्यावर आपण भरलेली गाडी नेली होती, आठवतं? मीच तुला ओढून नेलं. नुसतं गाडीचं वजन घेऊन उपयोग नाही, पुढच्या चाकांचं वेगळं, मागच्या चाकांचं वेगळं घ्यायचं. मागच्याला दोनानं भागलं की एका टायरवर किती ते कळतं, आणि टायर त्याहून थोडा वरचा घ्यायचा, कारण खड्ड्यात वजन दुप्पट होऊन आदळतं. काट्यावरच्या माणसानं कुरकुर केली, तू त्याला तांब्याभर दूध दिलंस. पुढची चाकं काट्यावर, मग मागची. ओझं जवळजवळ सगळं मागं होतं. तिथंच आपण ठरवलं: मागं आठ प्लायचीच जोडी, दुसरी चालणार नाही.

पण तू लगेच मान्य करशील तर खंडू कसला! "वजन कोण पेलतं? हवा. टायरचं कसलं कवतिक?"

"टायर पेलतो."

"व्हय? मग गाडी हुभी कर आन् हवा सोड. टायर हाय तिथंच हाय, गाडी मातुर बसली. आता सांग, पेलत कोण व्हतं?"

मला उत्तर सुचलं नाही. परतीच्या सगळ्या रस्त्यानं तू मला छळलंस. "बोल की मुके शेठ! हवा का धागा?"

आता सुचलंय. तू बरोबर होतास, हवाच पेलते. पण हवेला जास्त ओझं पेलायचं तर ती जास्त दाबून भरावी लागते, आणि दाबून भरलेली हवा कोंडून धरायला धागा लागतो. प्लायचा आकडा म्हणजे हा टायर केवढी हवा कोंडून धरू शकतो त्याचा आकडा. सहाच्यात आठची हवा भरली तर धागा आतून तुटत जातो, आणि बाहेरून काही दिसत नाही. एकदा तुटलेला धागा पुन्हा जुळत नाही. ओझं उतरवलं तरी जुळत नाही. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं. फक्त तुझ्या प्रश्नाला जोडून सांगता आलं नाही.

आता खंडेनवमीचं सांगतो. तू होतास तोवर ते मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आठ प्लायची जोडी मिळायला तेव्हा किती वाट बघावी लागली! टायरची टंचाई होती. तुझी मागची जोडी पार गुळगुळीत झाली होती. पुढची जुनी होती, पण तीही आठचीच आणि अजून धड. शेवटी नवमीच्या दोन दिवस आधी नवी जोडी आली. तू म्हणालास, "आता नवमीलाच बसवू. आई भंडारा घेऊन यील."

नवमीसाठी दुकान धुवायचं म्हणून मी आदल्या दिवशी सगळा माल हलवला. तुझी जोडीही हलली. सकाळी दारात रांग होती. जीपा, ट्रॅक्टर, एक मालट्रक, सगळ्यांना पूजेआधी चाकं हवी होती. मी थप्पीतून कागदात गुंडाळलेले दोन टायर ओढले. कागदावर सहाशे सोळा वाचलं. पुढचा आकडा वाचला नाही. वीस वर्षं लोकांना जे सांगत आलो की नुसतं माप बघू नका, तेच मी केलं. कागद फाडला, टायर चढवले, हवा भरली. तुझ्या आठच्या हिशेबानं भरली.

तुझी आई आली. जेजुरीचा भंडारा पिशवीतून ओंजळभर काढला आणि मागच्या चाकावर तळहातानं दाबून चोळला. काळ्या रबरावर सगळीकडं पिवळी पूड बसली, आणि उठावाची अक्षरं त्यातून लख्ख वर आली. सोन्यानं काढल्यासारखी. मी वाकून बघत होतो. एकच कडी, वर शेपूट.

सहा.

मी वर पाहिलं. तुझा हात नारळ घेऊन वर गेला होता. मी तोंड उघडलं. नारळ फुटला. तू ओरडलास, "येळकोट येळकोट!" सगळे ओरडले. चाकाखाली लिंबू चिरडलं. तुझी आई म्हणाली, "आता सव्वा महिना ह्या चाकास्नी कुणी हात लावायचा न्हाई. देवाचा भंडारा लागलाय." आणि तिनं खोबऱ्याचा तुकडा माझ्या उघड्या तोंडात घातला.

मी तो चावला.

तोंडात खोबरं होतं म्हणून बोललो नाही, असं मी पुढं स्वतःला सांगत राहिलो. ते खरं नाही. पूजा झालेलं चाक उतरवायचं, रांगेसमोर, तुझ्या आईसमोर, दसऱ्याच्या तोंडावर; आणि वर कबूल करायचं की रघुनाथशेठनं प्लाय वाचला नाही. मला लाज वाटली. तेवढंच. लाज वाटली, आणि वाटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी तुझी खरी जोडी सापडली. रांजणामागं होती. मी कागदावर खडूनं तुझं नाव लिहिलं, आणि मग पुसलं.

दोनदा तुला म्हणालो, "मागं जरा कमी भर." तू म्हणालास, "का? तूच तर आठाचे दिलेस." त्यावर मी काय म्हणालो आठवतं? "रस्ता वाईट आहे." त्यानंतर मी तुझ्या गाडीकडं बघणंच सोडलं. तू हॉर्न द्यायचास, मी गल्ल्यावरूनच हात करायचो. सव्वा महिना संपू दे, मग कसलंतरी निमित्त काढून गुपचूप बदलून टाकू, असा माझा बेत होता. देवाच्या नावाखाली मी मुदत घेतली होती.

सव्वा महिना संपला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू आलास. बाकावर बसलास, अगदी दुष्काळात बसायचास तसा. चहा मागवलास. गाडी रस्त्यापलीकडं उभी होती. तू माझ्याकडं बघत होतास.

"काय मुके शेठ, काय सांगायचंय का?"

"काय सांगायचं? हवा बघू का?"

"हवा बरी हाय." तू चहाचा घोट घेतलास. मग मागच्या भिंतीकडं, रांजणाकडं बघितलंस. "ते टायर कुणाचं रं?"

"आहेत एकाचे."

"नशीबवान दिसतंय." तू हसलास, माझ्या पाठीवर तळहात दाबलास, टायरवर दाबायचास तसा, आणि उठलास. तू गेल्यावर मी सुटलो, असं मला वाटलं. खंडू, त्या दिवशी मला खरोखर हलकं वाटलं होतं. त्यानंतर बारा दिवसांनी एसटी दुकानासमोर थांबली.

चौथ्या दिवशी पोलीस चौकीच्या आवारात गेलो. गाडी तिथं ओढून आणली होती. तोवर लोकांनी निकाल लावून टाकला होता. न्हावऱ्याच्या पारावर, दौंडच्या केंद्रावर, सगळीकडं एकच. खंडू माजला होता. बाविसाच्या गाडीत तीस कॅन कोंबायचा. वारं प्यायल्यागत हाकायचा. मी खाली मान घालून ऐकलं. एकानं मलाच विचारलं, "शेठ, तुम्ही तर त्याचे दोस्त. सांगायचं न्हाई व्हय त्याला?"

आवारात कॅन भिंतीला लावून ठेवले होते. मी मोजले. सोळा. पुन्हा मोजले. बाविसाच्या गाडीत सोळा कॅन.

मग मी पहिल्यांदा चाकांकडं पाहिलं. मागची दोन्ही धड होती. झिजलेली, जुनी. मी बसलो, बाजूवरची माती पुसली. एकावर एक दोन कड्या. तुझी जुनी पुढची जोडी मागं आली होती. मी पुढं गेलो. पुढचा डावा टायर फाटून उलटा झाला होता, आतले धागे केसांसारखे बाहेर आले होते. उजवा शाबूत होता. त्याच्या कानाशी, त्या सहाच्या वर, गेरूचा टिळा होता. बोटानं लावलेला. फाटलेल्या डाव्याचा तुकडा मी हातानं उलटला. त्याच्यावरही होता.

मी तिथंच खाली बसलो. हवालदार म्हणाला, "काय झालं शेठ?" मला पाणी दिलं. अशक्त मेंढरं पुढं, डोळ्यासमोर. तुला ठाऊक होतं. आकडा वाचून, ओझं मोजून, तू माझी चूक मागून काढून पुढं नेऊन ठेवली होतीस. कॅन कमी केले होतेस. ओझ्याच्या हिशेबानं तू बरोबर होतास रे. पण पहिल्या तीन आठवड्यांत, मागं असतानाच, त्यांचा धागा आतून तुटलेला होता, आणि तुझ्या बापाच्या कळपाला स्टिअरिंग नव्हतं. मागचा फुटला तर गाडी फरफटते, माणूस ती कशीबशी धरू शकतो. पुढचा फुटला तर धरायला काही उरत नाही. हे मी तुला एका वाक्यात सांगितलं असतं. तू विचारलं असतंस तर. आणि तू विचारलं नाहीस, कारण विचारायला मी आधी बोलायला हवं होतं.

नवव्या दिवशी न्हावऱ्याला तुझ्या घरी गेलो. हौसावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांचा भाऊ खुटबावहून आला होता, तो बैलांना पाणी दाखवायला गेला होता. मी उभ्या उभ्याच सांगायला सुरुवात केली. बसलो असतो तर बोललो नसतो. नवमी, थप्पी, कागद, सहाचा आकडा, खोबरं. सगळं सांगितलं. वहिनी जमिनीकडं बघत ऐकत होत्या. मी थांबलो तेव्हा म्हणाल्या, "मला ठावं हाय, भावजी."

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी चाकं बदलली. आत्याबाई देवळात गेल्या व्हत्या, त्यांस्नी कळू नये म्हनून. मी इचारलं, भंडारा लागलेलं चाक का काढता? तर म्हनले, मुक्यानं चुकून सहाचं दिलंया. त्याला म्हाईत हाय, मागं कमी भर म्हनतोय. मी म्हनलं, मग जाऊन इचारा की. तर हसाय लागले. म्हनले, न्हाई. ते आपनहून बोलंल. जलमात एकदा तरी ते आपनहून बोलंल, तवा बघ त्याचं त्वांड. मला बघायचंय."

मग त्या पहिल्यांदा माझ्याकडं बघत म्हणाल्या, "सव्वा महिना झाल्यावर गेले व्हते तुमच्याकडं. येऊन म्हनले, आजबी न्हाई बोललं. बघू, फुडल्या आठवड्यात."

खंडू, तू गंमत करत होतास. मी मरणाच्या लाजेत बुडालो होतो आणि तू पलीकडच्या काठावर बसून माझी वाट बघत होतास, हसायला. तुझाही मला राग येतो. हेही एकदा म्हणू दे. तू का नाही बोललास? तुला तर तोंड होतं! सगळ्या शिरूर-दौंडात तुझ्याएवढं बोलणारा माणूस नव्हता, आणि नेमक्या ह्या एका गोष्टीत तू माझ्यासारखा मुका झालास. माझी चूक तुझ्या माथी मारायची नाही. पण आपण दोघंही गप्प होतो, आणि त्या मुकेपणातून तुझी गाडी रोज भीमेवरून जात होती.

वहिनी उठल्या. आत जाता जाता म्हणाल्या, "मला सांगून काय उपेग? लोक म्हनतात, माजला व्हता. त्यांस्नी सांगा."

दहाव्याला नदीवर सगळं गाव होतं. दूध घालणारे होते, पारावरचे होते, मला 'तुम्ही तर त्याचे दोस्त' म्हणणाराही होता. विधी आटोपत आला तेव्हा मी पुढं झालो. माझा आवाज कुणी फारसा ऐकलेला नाही, त्यामुळं आधी लोकांना कळलंच नाही कोण बोलतंय. मी म्हणालो, खंडूनं गाडी जास्त भरली नव्हती. सोळा कॅन होते, मी मोजलेत. चौकीत आहेत, कुणीही मोजावेत. टायर माझ्या हातून चुकीचे बसले. मला नवमीलाच कळलं होतं. मी सांगितलं नाही. आज दुपारी चौकीत जाऊन हेच लिहून देणार आहे.

वहिनींचा भाऊ माझ्याकडं एक पाऊल आला. मला वाटलं, मारील. मारावं असंही वाटलं. वहिनींनी त्याचा सदरा धरला.

मग तुझी आई उठली. दोघींनी तिला धरलं होतं. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिली, जणू ते तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"रघू, नवमीला कळलं तुला?"

"होय आई."

"माझ्याम्होरं?"

"होय."

"मग बोलला का न्हाईस?"

मी म्हणालो, "नारळ फुटला होता, आई."

तिला ते समजेना. तिनं बाजूच्या बायकांकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता रे. राग असता तर मी सोसला असता. ती नुसती चकित झाली होती.

"आरं लेकरा," ती म्हणाली, "मी दुसरा फोडला असता."

त्या दुपारी चौकीत लिहून दिलं. आता ते काय करतील ते करतील. आज तेरावा झाला. दुकान उघडलं. रांजणाशेजारच्या त्या दोन टायरांवर तुझं नाव पुन्हा खडूनं लिहिलं, ते पुसणार नाही. येताना बाजारातून एक नारळ आणलाय. कुणाच्या पूजेचा नाही. जास्तीचा म्हणून गल्ल्याशेजारी ठेवलाय.